तीन वादकांचा वाद्यवृंद : एमर्सन, लेक अँड पामर यांच्या शब्दविरहित रचना

एमर्सन, लेक अँड पामर या ब्रिटिश त्रिकुटाची कारकीर्द १९७० साली सुरू झाली आणि तिचा पहिला, महत्त्वाचा टप्पा १९७८ च्या अखेरीस संपला. या आठ वर्षांत ग्रेग लेकच्या आवाजातली गाणी रेडिओवर गाजली; पण रॉक संगीताच्या इतिहासात या गटाला जी वेगळी जागा मिळाली ती शब्द नसलेल्या रचनांमुळे. कीबोर्ड, बास गिटार आणि ड्रम एवढ्याच सामग्रीवर त्यांनी बार्टोक, मुसोर्ग्स्की, कोपलंड, जिनास्तेरा यांच्या रचना नव्याने बांधल्या आणि त्याच वळणाच्या स्वतःच्या रचनाही केल्या. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या काळातल्या ब्रिटिश प्रवाहात पाश्चात्त्य अभिजात संगीताचा हात धरणारे गट बरेच होते. अभिजात रचनांचे अख्खे खंड वाजवून दाखवण्याची हिंमत मात्र या त्रिकुटाइतकी सातत्याने कोणी केली नाही.

या रचनांकडे बहुधा दोन टोकांवरून पाहिले गेले. एका बाजूला ‘रॉकने अभिजात संगीताला लोकांपर्यंत नेले’ हे कौतुक, तर दुसऱ्या बाजूला ‘थोरामोठ्यांच्या रचनांची मोडतोड’ हा आक्षेप. दोन्हींमध्ये एक गोष्ट निसटते. एमर्सनने निवडलेले संगीतकार पाहिले तर त्यांत शोपँ किंवा ब्राम्ज जवळजवळ नाहीत. भर आहे तो विसाव्या शतकातल्या, ठोक्यावर आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या आकृतीवर चालणाऱ्या संगीतावर. ही निवड योगायोगाने झालेली नाही. हातातल्या वाद्यांना काय जमते आणि काय जमत नाही, याची पक्की जाण तिच्यामागे आहे. जिथे ही जाण सुटली तिथे रचना फसली, आणि जिथे ती राहिली तिथे आजही ऐकण्याजोगे काम झाले.

कीथ एमर्सन १९४४ साली यॉर्कशरमधल्या टॉडमॉर्डन येथे जन्मला आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वर्दिंग गावी वाढला. लहानपणी पियानोचे शिक्षण झाले ते अभिजात वळणाचे. कान मात्र जॅझ आणि बुगीवुगीकडे लागलेले. ग्रेग लेक ‘किंग क्रिम्झन’ या गटातून आला. तो बास आणि गिटार वाजवी, गाई, आणि गटाच्या ध्वनिमुद्रणांची निर्मितीही पाही. कार्ल पामर तिघांत सर्वांत लहान. गट स्थापन झाला तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता. पुढे त्याने लंडनमध्ये टिंपनीसारख्या वाद्यवृंदातल्या तालवाद्यांचे रीतसर शिक्षण घेतले, आणि त्याचा परिणाम १९७३ नंतरच्या रचनांत स्वच्छ ऐकू येतो.

एमर्सनचा हा मार्ग त्याच्या आधीच्या गटातच आखला गेला होता. ‘द नाइस’ या गटाने १९६८ साली लेनर्ड बर्नस्टाइनच्या ‘वेस्ट साइड स्टोरी’मधले ‘अमेरिका’ हे गाणे शब्द काढून, आक्रमक वाद्यरचना म्हणून सादर केले. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ते वाजवताना एमर्सनने अमेरिकेचा ध्वज जाळला आणि त्या सभागृहाची दारे गटाला बंद झाली. डेव्ह ब्रूबेकची नऊ मात्रांची ‘ब्लू राँडो आ ला टर्क’ त्यांनी चार मात्रांत आणून ‘राँडो’ केली. बाखच्या ब्रांडेनबर्ग कॉन्चेर्तोवरही हात चालवला. न्यूकॅसलच्या कला महोत्सवासाठी एमर्सनने ‘फाइव्ह ब्रिजेस’ ही वाद्यवृंद आणि रॉक त्रिकूट यांना एकत्र आणणारी मालिका लिहिली. तिच्यात दोन्ही पक्ष शेजारीशेजारी बसतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. वाद्यवृंद सोबत घेण्यापेक्षा त्याचे काम स्वतःच करावे, हा पुढच्या गटाचा पवित्रा या अनुभवानंतरचा आहे.

त्यासाठी वाद्य होते हॅमंड ऑर्गन. मराठी संगीत नाटकांत साथीला असे तो ऑर्गन पायाने हवा भरून धातूच्या पत्त्यांवर वाजणारा. हॅमंडचा त्याच्याशी संबंध नाही. लॉरेन्स हॅमंडने १९३५ साली बाजारात आणलेल्या या विजेच्या वाद्यात धातूच्या दातेरी चकत्या चुंबकांसमोर फिरतात आणि त्यातून स्वर उमटतात. एमर्सनच्या सी-थ्री या मोठ्या मॉडेलमध्ये अशा ९१ चकत्या असतात. पट्टी हळू दाबली काय किंवा जोरात आपटली काय, स्वर तेवढाच मोठा येतो. आवाज कमीजास्त करायचा तो पायाखालच्या पेडलने. पट्टी दाबताच एक बारीक ‘टक्’ होते. हॅमंड कंपनीला हा दोष वाटे, पण जॅझ आणि रॉक वादकांनी तोच गुण मानला. व्हायोलिनसारखा स्वर फुलवत नेणारी लांब, हळवी ओळ या वाद्यावर बोटांनी फुलवता येत नाही. उलट तुटक, जलद, ठोसेबाज आकृती त्यावर पियानोपेक्षाही धारदार वाजते. पियानोला तालवाद्यासारखे वागवणारे संगीत एमर्सनला का जवळचे वाटले, याचे उत्तर या यंत्रात आहे. मंचावर तो दुसरा, लहान एल-१०० ऑर्गनही ठेवी. त्याच्या पट्ट्यांमध्ये सुरे खुपसून स्वर धरून ठेवणे, तो अंगावर ओढणे, आडवा पाडणे या करामतींसाठी तो असे. त्या करामतींची छायाचित्रे इतकी छापली गेली की वाजवण्याकडे लक्ष कमी गेले, हे खेदाचे आहे.

नोव्हेंबर १९७० मध्ये आलेल्या पहिल्या अल्बमची सुरुवातच शब्दविरहित आहे. ‘द बार्बेरियन’ म्हणजे बेला बार्टोकची १९११ ची पियानोरचना ‘आलेग्रो बार्बारो’. मूळ रचना तीनएक मिनिटांची. हंगेरियन आणि रुमेनियन लोकसंगीताच्या अभ्यासातून आलेले ओबडधोबड स्वरसमूह तीत सतत आदळत राहतात. त्रिकुटाने आरंभ दिला लेकच्या फाटक्या, गुरगुरत्या बासला. त्यावर हॅमंड बार्टोकची धून धरतो. मध्ये अचानक ऑर्गन थांबतो, पियानो येतो, पामर काठ्या ठेवून ब्रश घेतो आणि काही क्षण एखादे जॅझ त्रिकूट वाजत असल्यासारखे होते. मग पुन्हा ऑर्गन, आणि शेवट वाढत्या लयीत. बार्टोकला काही वेगळे जोडलेले नाही, त्याच्यात जे होते ते तीन वाद्यांत वाटून दिले आहे. या अल्बमच्या पहिल्या आवृत्तीवर मात्र बार्टोकचे नाव नव्हते. रचना तिघा वादकांच्या नावावर छापली गेली. त्याच अल्बममधल्या ‘नाइफ-एज’ या गाण्यात यानाचेकच्या ‘सिन्फोनिएत्ता’चा आणि बाखच्या एका फ्रेंच सुइटचा भाग आहे, तोही तसाच अनामिक राहिला. पुढच्या आवृत्त्यांत दुरुस्ती झाली. पण गटाविरुद्धच्या आक्षेपांतला हा एक खरा, टाळता न येणारा आक्षेप आहे. मूळ रचनाकाराचे नाव न घेता त्याची रचना विकणे हे कोणत्याही कौतुकाने झाकले जाऊ नये.

पहिल्याच अल्बममधली ‘द थ्री फेट्स’ ही एमर्सनची स्वतःची तीन भागांची रचना. ग्रीक पुराणातल्या तीन नियतिदेवतांची नावे त्या भागांना आहेत. ‘क्लोथो’साठी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधला भव्य पाइप ऑर्गन वाजवला गेला, ‘लॅकिसिस’ एकट्या पियानोवर आहे आणि ‘अॅट्रोपॉस’मध्ये पियानोबरोबर तालवाद्ये येतात. मधला भाग सर्वांत चांगला. तिथे एमर्सनची डाव्या हाताची तयारी कोणत्याही आडपडद्याशिवाय ऐकू येते. ‘टँक’ ही त्याच अल्बममधली रचना मुख्यतः पामरच्या ड्रमवादनासाठी आहे.

गटाने आपला दुसराच जाहीर कार्यक्रम ऑगस्ट १९७० मध्ये आइल ऑफ वाइट महोत्सवात केला आणि तिथे मुसोर्ग्स्कीची ‘पिक्चर्स अॅट अॅन एक्झिबिशन’ वाजवली. शेवटी मंचावर तोफा उडवल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशीपासून चर्चा तोफांचीच झाली. रचना ध्वनिमुद्रित झाली ती २६ मार्च १९७१ रोजी न्यूकॅसल सिटी हॉलमध्ये, प्रेक्षकांसमोर. मोदेस्त मुसोर्ग्स्कीने १८७४ साली आपल्या दिवंगत मित्राच्या, चित्रकार आणि वास्तुकार व्हिक्टर हार्टमानच्या चित्रांचे प्रदर्शन पाहून ही पियानोमालिका लिहिली होती. दहा चित्रे, आणि त्यांच्यामध्ये प्रेक्षकाची पावले दाखवणारी ‘प्रॉमनाड’ ही धून. जगाला ती ठाऊक झाली मॉरिस रॅव्हेलने १९२२ साली केलेल्या वाद्यवृंदरचनेमुळे. म्हणजे एकाची चित्रे दुसऱ्याने पियानोवर आणली, ती तिसऱ्याने वाद्यवृंदावर, आणि चौथ्या पिढीने ऑर्गन-बास-ड्रमवर. पाश्चात्त्य अभिजात परंपरेत दुसऱ्याची रचना आपल्या वाद्यांसाठी पुन्हा मांडणे हे बाखपासूनचे मान्य काम आहे. ते विजेच्या वाद्यांवर झाले म्हणून त्याचा दर्जा आपोआप उतरत नाही.

त्रिकुटाने दहापैकी चार चित्रे घेतली : बुटका, जुना वाडा, बाबा यागा चेटकिणीची झोपडी आणि कीव्हचा महादरवाजा. मध्ये लेकचे स्वतःचे गाणे आणि एक ब्लूज घातला; शेवटच्या दरवाजालाही शब्द दिले. पहिला प्रॉमनाड सिटी हॉलच्या पाइप ऑर्गनवर वाजतो, आणि त्या ऑर्गनचा भारदस्त नाद हा या ध्वनिमुद्रणाचा एक मोठा लाभ आहे. यांतल्या दोन चित्रांची तुलना करण्याजोगी आहे. बाबा यागाची झोपडी मुळातच धावत्या, आदळत्या सप्तकांची. तिथे हॅमंड आणि ड्रम शोभून दिसतात आणि रॅव्हेलच्या आवृत्तीपुढे उणे वाटत नाहीत. ‘जुना वाडा’ मात्र मुळात संथ, एकाच खर्जावर झुलणारी, उदास धून आहे. त्रिकुटाने तिला वेगवान करून मोग सिंथेसायझरच्या किंचाळ्यांनी भरून टाकले, आणि मुसोर्ग्स्कीचे जे काही होते ते हरवले. हातात हळुवार वाद्य नसताना हळुवार रचना उचलली की असे होते. रेकॉर्ड कंपनीला हे ध्वनिमुद्रण कोणत्या गटात बसवून विकावे ते कळेना. नोव्हेंबर १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये ते कमी किमतीत बाजारात आले आणि तिथल्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले.

‘पिक्चर्स’चे ध्वनिमुद्रण आणि प्रकाशन यांच्या दरम्यान, जून १९७१ मध्ये, ‘टार्कस’ आले. अल्बमची पहिली बाजू व्यापणारी ही वीस मिनिटांची मालिका सात भागांची आहे. त्यांपैकी चार भाग, ‘इरप्शन’, ‘आयकनोक्लास्ट’, ‘मँटिकोर’ आणि ‘अॅक्वाटार्कस’, शब्दविरहित आहेत. ‘इरप्शन’ हा एमर्सनने लिहिलेला सर्वांत मौलिक मजकूर म्हणता येईल. डावा हात पाच मात्रांची एकच आकृती न थकता फिरवत राहतो, आणि उजवा हात त्यावर एकमेकांपासून चौथ्या अंतरावर रचलेले स्वरसमूह मारतो. पाश्चात्त्य कानाला सवयीचे असतात ते तिसऱ्या अंतराने रचलेले समूह. त्यांत आनंदी की उदास हे लगेच ठरते. चौथ्या अंतराच्या रचनेत ते ठरत नाही, म्हणून संगीत टोकदार आणि अधांतरी राहते. दहा मात्रांचा झपताल कानात असलेल्या श्रोत्याला पाचाचा हिशेब परका वाटणार नाही. फरक एवढाच की इथे खाली-भरीचा विसावा नाही, प्रत्येक आवर्तन सारख्याच जोराने येऊन पडते. पामर त्या आकृतीच्या मागे चालत नाही. तो तिच्या आडव्या जागा शोधून तिथे झांज मारतो. त्यामुळे पाचाचे चक्र गोल न फिरता पुढे ढकलले जाते. एमर्सनने ही कल्पना आणली तेव्हा लेकला ती रुचली नव्हती आणि गट सुरुवातीलाच फुटतो की काय अशी वेळ आली होती. अखेर तोडगा निघाला तो लेकच्या गाण्यांना मालिकेत जागा देऊन. आज ऐकताना त्या तडजोडीचा फायदाच झाला असे दिसते, कारण ‘इरप्शन’सारखे वीस मिनिटे सलग ऐकवले असते तर कान बधिर झाले असते. ‘मँटिकोर’ नऊ मात्रांत आहे आणि लहान असूनही तितकाच घट्ट. ‘अॅक्वाटार्कस’ या शेवटच्या भागाने मात्र मंचावर लांबत जाऊन मूळ बांधणी सैल केली.

‘ट्रिलजी’ या १९७२ च्या अल्बममधली ‘होडाउन’ ही सर्वांत उत्साही आणि बहुधा सर्वांत जास्त वेळा मंचावर वाजलेली रचना. आरोन कोपलंडच्या १९४२ च्या ‘रोडिओ’ या बॅलेचा हा शेवटचा नृत्यखंड. तिची वंशावळ मुसोर्ग्स्कीपेक्षाही लांब आहे. केंटकीतला फिडलवादक बिल स्टेप याने ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ ही जुनी लोकधून आपल्या ढंगाने, भरधाव वाजवली. अॅलन लोमॅक्सने ती १९३७ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ध्वनिमुद्रित केली. रूथ क्रॉफर्ड सीगर यांनी तिचे स्वरलेखन केले. कोपलंडने ते छापील स्वरलेखन जवळजवळ जसेच्या तसे आपल्या बॅलेत घेतले. त्रिकुटाने तीच धून हॅमंडवर आणली आणि वेग आणखी वाढवला. मधल्या मोकळ्या जागेत एमर्सनने आणखी काही अमेरिकी लोकधुनींचे तुकडे सोडून दिले. सुरुवातीची ती वर चढत जाणारी मोगची आरोळी सरावात बटण चुकून दाबले गेल्याने सापडली होती. स्टेपच्या फिडलचा खरखरीत जोर हॅमंडच्या ‘टक्’मध्ये पुन्हा आल्यासारखा वाटतो, कोपलंडच्या नीटनेटक्या व्हायोलिनांत तो थोडा मवाळ झाला होता.

त्याच अल्बमचा शेवट करणारी ‘अॅबॅडन्स बोलेरो’ ही एमर्सनची रचना रॅव्हेलच्या १९२८ च्या ‘बोलेरो’ची आठवण ठेवून केली आहे. एकच धून, आठएक मिनिटे, आणि हळूहळू वाढत जाणारा आवाज. रॅव्हेलचा बोलेरो तीन मात्रांचा, हा चारांचा, त्यामुळे नृत्यापेक्षा लष्करी संचलनाकडे झुकणारा. मोग सिंथेसायझर तेव्हा एका वेळी एकच स्वर काढू शके. रॉबर्ट मोगने बनवलेल्या या यंत्रात तारा खोचून स्वराचा रंग ठरवावा लागे, आणि प्रत्येक रंगासाठी मांडणी वेगळी. म्हणून स्टुडिओत एकावर एक थर चढवत हा ‘वाद्यवृंद’ तयार केला गेला. एखाद्या थरात बासरीसारखा, पुढे तुतारीसारखा नाद येतो. धून बदलत नाही, तिचा पोशाख बदलत जातो. मंचावर तीन माणसांना हे पेलेना. लेकने मेलोट्रॉन हे कीबोर्ड-वाद्यही हाताळून पाहिले, तरी ते अवघडच राहिले. पुढे १९७७ मध्ये खराखुरा वाद्यवृंद सोबत आला तेव्हा ही रचना सहज वाजली. गटाच्या स्टुडिओकामाचा सर्वांत संयमी नमुना म्हणून ती लक्षात ठेवावी.

अर्जेंटिनाचा आल्बेर्तो जिनास्तेरा हा या सगळ्या निवडीतला सर्वांत धाडसी. १९६१ च्या त्याच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्तोचा चौथा भाग ‘टोक्काता कॉन्चेर्ताता’ हा अखंड धावणारा, सूर आणि बेसूर यांच्या सीमेवर चालणारा खंड आहे. इथे एक नाते लक्षात घेण्याजोगे आहे. जिनास्तेरा १९४० च्या दशकात अमेरिकेत टँगलवुड येथे कोपलंडकडे शिकला होता, आणि त्याच्या तालावर बार्टोकची छाया आहे. म्हणजे एमर्सनची आवड विखुरलेली नव्हती, ती एकाच घराण्यात फिरत होती. १९७३ च्या ‘ब्रेन सॅलड सर्जरी’ या अल्बमसाठी ही रचना तयार झाली तेव्हा प्रकाशकांनी परवानगी नाकारली. एमर्सन जिनिव्हाला गेला, तिथे राहणाऱ्या जिनास्तेराला भेटला आणि त्याला ध्वनिमुद्रण ऐकवले. संगीतकाराने ते मनापासून पसंत केले. आपल्या रचनेचे मर्म त्यात पकडले गेले आहे असे त्याचे मत पडले. बार्टोकच्या बाबतीत जे झाले नव्हते ते इथे झाले : आधी विचारणा, मग प्रकाशन, आणि अल्बमवर नाव.

‘टोक्काता’त गट काय करतो ते बारकाईने ऐकावे. पियानोचा मजकूर हॅमंडकडे जातो. पितळी वाद्यांचे फटकारे मोगकडे जातात, आणि मोग तिथे पितळेची नक्कल करत बसत नाही. धातू घासल्यासारखा, कर्कश, कोणत्याच जुन्या वाद्याचा नसलेला आवाज काढतो. टिंपनीचा भाग पामर खऱ्या टिंपनीवर वाजवतो. मग मध्ये त्याचे एकल वादन येते, आणि इथे एक नवी गोष्ट घडते. त्याच्या ड्रमना छोटी सिंथेसायझर यंत्रे जोडलेली होती. काठी पडली की विजेचे स्वर सुटत. इलेक्ट्रॉनिक ड्रम सर्वत्र रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, आणि पहिल्यांदा ऐकणारे तो भाग कीबोर्डचाच समजत. जिनास्तेराच्या मूळ खंडात हा विस्तार नाही. तरी तो उपरा वाटत नाही, कारण मूळ रचनेतही पियानो आणि तालवाद्ये यांच्यातले अंतर जवळजवळ मिटलेलेच आहे. शब्दविरहित रचनांपैकी एकच निवडायची झाली तर ती ही.

त्याच अल्बममधल्या ‘कार्न ईव्हिल ९’ या सुमारे तीस मिनिटांच्या मालिकेचा दुसरा भाग पियानो, बास आणि ड्रम एवढ्यांवर आहे. लेकच्या बासवादनाची तयारी कळायला यासारखा दुसरा नमुना नाही. पियानोच्या दोन्ही हातांशी तो स्वरास्वरांत जुळून धावतो. मध्येच मिनीमोग कॅरिबियन स्टील ड्रमचा नाद घेऊन येतो आणि सनी रॉलिन्सच्या ‘सेंट टॉमस’ या जॅझ रचनेचा तुकडा वाजवून जातो. पुढे एक संथ, काळोखा उतार लागतो, आणि मग पुन्हा धाव. त्या संथ उतारात एमर्सन जे साधतो ते ‘जुना वाडा’मध्ये साधले नव्हते, फरक हा की इथे हातात पियानो आहे.

१९७७ च्या ‘वर्क्स, व्हॉल्यूम १’ या दुहेरी अल्बममध्ये तिघांनी एकेक बाजू स्वतंत्रपणे वापरली. एमर्सनची बाजू म्हणजे त्याचा ‘पियानो कॉन्चेर्तो क्रमांक १’, तीन खंडांचा, अठरा मिनिटांचा, लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह. वाद्यवृंदाचे संचालन जॉन मेयर यांचे. मेयर मूळचे कलकत्त्याचे. व्हायोलिनचे काही शिक्षण त्यांनी मुंबईत मेहली मेहता यांच्याकडे घेतले आणि १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये गेले. लंडन फिलहार्मोनिकमध्ये ते काही वर्षे व्हायोलिनवादक होते, आणि १९६० च्या दशकात सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासह ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ या नावाने त्यांनी राग आणि जॅझ एकत्र आणले. दोन संगीतपद्धती एकत्र नांदवताना कुठे सांधा निखळतो याचा असा अनुभव असलेला माणूस एमर्सनला लाभला. ‘फाइव्ह ब्रिजेस’मध्ये जी फट राहिली होती ती या कॉन्चेर्तोत दिसत नाही, आणि त्याचे बरेचसे श्रेय मेयर यांना द्यायला हवे. रॉकवरच्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो, तो पुरेसा नाही.

कॉन्चेर्तोचा पहिला खंड थोडा विस्कळीत आहे. फ्यूगच्या वळणाचे भाग, अमेरिकी मोकळेपणा आणि जॅझचे हिसके एकामागून एक येतात. दुसरा खंड दोन मिनिटांचा, साधा आणि गोड. तिसरा, ‘टोक्काता कॉन फुओको’, हा खरा गाभा. ससेक्समधले एमर्सनचे घर आगीत भस्मसात झाले होते, आणि त्या प्रसंगाचा संताप या खंडात उतरल्याचे त्याने स्वतः सांगितले आहे. जिनास्तेराचे ऋण इथे प्रत्येक पानावर आहे. डाव्या हाताची न थांबणारी आकृती, तुटक फटके, पितळी वाद्यांचे हल्ले हे सगळे ‘टोक्काता’तून आणि ‘इरप्शन’मधून आलेले. पण आता ते उसने वाटत नाही. सात वर्षे दुसऱ्यांचे संगीत हाताखालून गेल्यावर आलेली ही स्वतःची भाषा आहे.

याच अल्बमच्या चौथ्या, एकत्रित बाजूवर ‘फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन’ आहे. कोपलंडने ही तुतारीरचना १९४२ मध्ये, युद्धकाळात, सिनसिनाटी सिंफनी वाद्यवृंदासाठी लिहिली. मार्च १९४३ मध्ये ती प्रथम वाजली. फक्त पितळी वाद्ये आणि तालवाद्ये, लय संथ, अवधी तीनएक मिनिटे. त्रिकुटाने सुरुवात आणि शेवट मूळ धुनीला दिला आणि मध्ये लेकच्या झुलत्या बासवर लांब आशुवादन ठेवले. एमर्सनकडे आता यामाहाचा जीएक्स-वन हा अनेक स्वर एकदम काढणारा अवाढव्य सिंथेसायझर होता आणि त्याच्या पितळी नादाशिवाय ही रचना उभी राहिली नसती. कोपलंडने परवानगी दिली. मधल्या भागाचा आपल्या रचनेशी नेमका काय संबंध ते त्याला पुरते उमगले नाही, पण आदि-अंती रचना आपलीच आहे एवढे त्याला पुरले. अल्बमवर ती साडेनऊ मिनिटांहून जास्त चालते. तोकडी करून काढलेली सिंगल १९७७ मध्ये ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेली. शब्द नसलेल्या, अभिजात मुळाच्या रचनेला असे यश क्वचितच लाभते. तरी पूर्ण आवृत्तीच ऐकावी, कारण छोट्या आवृत्तीत तिघांचा परस्परसंवाद कापला गेला आहे. मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये, बर्फात, गरम कपडे घालून वाजवतानाचे तिचे चित्रीकरण प्रसिद्ध आहे. त्याच वर्षीच्या दौऱ्यावर सुमारे सत्तर जणांचा वाद्यवृंद बरोबर नेण्याचा खर्च मात्र झेपला नाही आणि तो मध्येच सोडावा लागला.

१९७८ च्या ‘लव्ह बीच’ या अल्बमबद्दल फारसे चांगले बोलले जात नाही, आणि गाण्यांपुरते ते योग्यच आहे. पण त्यात ‘कॅनारिओ’ ही चार मिनिटांची लखलखीत रचना आहे. सतराव्या शतकातला स्पॅनिश गिटारवादक गास्पार सांझ याच्या नृत्यधुनींवरून होआकिन रोद्रिगोने १९५४ मध्ये आंद्रेस सेगोव्हियासाठी ‘फांतासिया पारा उन हेंतिलओम्ब्रे’ लिहिली. तिचा हा शेवटचा खंड. सहा मात्रांचे आलटून पालटून दोन-तीन असे पडणारे विभाग पामर खेळकरपणे सांभाळतो. या अल्बमनंतर गट विसर्जित झाला. पंक संगीताच्या लाटेत अशा लांब, अवघड रचनांची टिंगल होत होती, आणि गटाच्या मंचावरच्या थाटामाटाने त्या टिंगलीला आयते निमित्त पुरवले होते. पुढच्या काळातल्या पुनर्मीलनातून शब्दविरहित असे थोडेच हाती लागते; १९९२ च्या ‘ब्लॅक मून’मधली प्रोकोफिएवच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’वरची रचना ही त्यातली बरी. एमर्सन मार्च २०१६ मध्ये आणि लेक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वारला.

त्याआधीच या रचना इतरांच्या हाती जाऊ लागल्या होत्या. जपानी संगीतकार ताकाशी योशिमात्सु यांनी ‘टार्कस’ पूर्ण वाद्यवृंदासाठी मांडले आणि २०१० मध्ये टोकियो फिलहार्मोनिकने ते वाजवले. २०१२ मधल्या एनएचके वाहिनीच्या ‘ताइरा नो कियोमोरी’ या ऐतिहासिक मालिकेतही योशिमात्सु यांनी त्याचा वापर केला. ‘इरप्शन’ची पाच मात्रांची आकृती तिथे तंतुवाद्यांत फिरते आणि हॅमंडचा धारदार आरंभ पितळी वाद्यांकडे जातो. एमर्सनच्या कॉन्चेर्तोला अमेरिकी पियानोवादक जेफ्री बीगल यांनी अभिजात मैफलीत स्थान दिले. ब्राउन विद्यापीठाच्या वाद्यवृंदासह त्यांनी केलेले ध्वनिमुद्रण २०१६ मध्ये नॅक्सॉसने प्रसिद्ध केले. त्यात तो गर्श्विन आणि ड्यूक एलिंग्टन यांच्या रचनांशेजारी आहे.